गाडीला अर्थ नाही

मी एक जुनी पट्टी आहे. घाबरू नका मित्रांनो, रेघा मारायची आणि अधूनमधून हातावर बसायची ती पट्टी मी नव्हे. मी तांब्याची. वीतभर लांब, दोन बोटं रुंद, बारीक तारांची वेणी घालावी तशी विणलेली. माझ्या दोन्ही टोकांना एकेक भोक आहे, त्याला आमच्यात डोळा म्हणतात. सध्या मी एका खिडकीच्या चौकटीला, खिळ्यावर टांगलेली असते. घरी येणारे विचारतात, हे काय लोंबतंय? घरातली लेक विषय बदलते. म्हणून म्हटलं, आपणच सांगून टाकावं.

माझा जन्म एका कारखान्यातला. तिथे यंत्रावर मैलोन्‌मैल पट्टी विणली जायची आणि कापली जायची. माझ्या शेजारून कापलेल्या बहिणी कुठल्या कुठल्या गाड्यांत गेल्या, मला ठाऊक नाही. मला एका शाळेच्या व्हॅनमध्ये बसवलं. माझा एक डोळा इंजिनाला बोल्टने आवळला, दुसरा गाडीच्या सांगाड्याला. झालं. बाकीच्यांचं कौतुक झालं, रंगाचं, हॉर्नचं, काचांचं. माझ्याकडे कुणी वळूनही पाहिलं नाही. मला त्याचं वाईट वाटायचं. खोटं कशाला बोलू, अजूनही वाटतं.

माझं काम काय, ते ऐका. बॅटरीतून वीज निघते आणि जाड लाल वायरीतून इंजिनाकडे जाते, हे सगळ्यांना माहीत असतं. पण गेलेल्या विजेला परत बॅटरीकडे यावं लागतं, हे फार थोड्यांना माहीत असतं. वीज मोठी हुशार. परतीची वाट दिसल्याशिवाय ती घराबाहेर पाऊलच टाकत नाही. इंजिनापर्यंत गेलेली वीज माझ्या अंगावरून सांगाड्यात उतरते आणि तिथून घरी जाते. मी म्हणजे तिची परतीची वाट. मी ढिली पडले किंवा माझ्या डोळ्याखाली गंज धरला, तर बॅटरी कितीही तगडी असू दे, गाडी चालू होत नाही. बॅटरीला ह्याचा राग यायचा. येऊ दे.

ह्या परतीच्या वाटेला घरोघरी अर्थिंग म्हणतात. नवे मेकॅनिक बॉडी म्हणतात, ग्राउंड म्हणतात. गॅरेजमधली जुनी माणसं मात्र एवढंच म्हणतात: अर्थ. 'अर्थ घट्ट कर.' 'अर्थ तपासला का?' हा शब्द लक्षात ठेवा मित्रांनो. ह्याच शब्दाने पुढे घात केला.

पहिल्या मालकाकडे मी पाच-सहा वर्षं काढली. मग व्हॅन मिस्त्रींनी घेतली. मिस्त्री म्हणजे गाड्यांच्या वायरिंगचं काम करणारे. त्यांनी तीस वर्षं गॅरेज चालवलं होतं. गुडघे बोलायला लागले तेव्हा गॅरेज बंद केलं आणि ही व्हॅन घेऊन शाळेच्या मुलांची ने-आण सुरू केली. गाडी दारात आली त्या दिवशी घरातले सगळे तिच्याभोवती फिरत होते. मिस्त्रींनी पोतं अंथरलं आणि ते थेट गाडीखाली शिरले. सगळे आधी बॅटरीकडे जातात. हा एकच माणूस आधी माझ्याकडे आला.

त्यांनी तेरा नंबरच्या पान्याने मला सोडवलं. पॉलिश पेपरने माझे दोन्ही डोळे घासले. मी बसते ती सांगाड्यावरची जागाही खरवडून लख्ख केली, अगदी उघडं लोखंड दिसेपर्यंत. मग मला परत आवळलं आणि वरून व्हॅसलीन लावलं, ओल शिरू नये म्हणून. म्हणाले, "बस आता निवांत." जन्मात पहिल्यांदा माझ्याशी कुणी बोललं होतं. पुढे दरवर्षी एकदा ते असेच यायचे, पोतं अंथरून, आणि जाताना तेच म्हणायचे.

त्यांचं गॅरेजमधलं एक वाक्य प्रसिद्ध होतं. बंद पडलेली गाडी आली आणि कुणी लगेच बॅटरीला हात घातला की ते म्हणायचे, "आधी अर्थ बघा, नाहीतर अनर्थ." जुनी गिऱ्हाईकं भेटली की अजून हे वाक्य म्हणून हसायची. पण घरात हे वाक्य कुणी कधी ऐकलं नव्हतं. त्याला कारण होतं. गॅरेजमध्ये पान्याबरोबर शिव्याही हातोहात फिरतात. आपल्या लेकीच्या कानावर त्यातलं काही पडू नये म्हणून मिस्त्री दारातल्या नळावर हात धुतानाच गॅरेज धुऊन टाकायचे. एक शब्द आत आणायचे नाहीत. शिवी नाही, आणि अर्थही नाही. चांगल्या माणसाचा चांगला नियम होता तो. आता त्याचा विचार आला की माझ्या तारा दुखतात.

लेक एकुलती एक. बापलेकींचं गूळपीठ होतं. लहान असताना तिने एकदा हट्ट धरला, "बाबा, माझ्या गळ्याची शपथ, तंबाखू खायची नाही." मिस्त्रींनी तोंडातली तंबाखू तिथेच थुंकली, ती पुन्हा घेतली नाही. पुढे कधी त्यांना फारच तलफ आलेली दिसली की लेक चिडवायची, "सुटली म्हणू का?" शपथ सुटली असं घालणाऱ्याने म्हटलं की माणूस मोकळा होतो, हे तुम्हाला खेळातून ठाऊक असेलच. मिस्त्री म्हणायचे, "नको. राहू दे. तुझा गळा मला हवा आहे." मी बॉनेटखालून हे सगळं ऐकायचे.

अशी पंधरा-सोळा वर्षं गेली. मग एका सकाळी दाढी करता करता मिस्त्रींच्या हातातून रेझर खाली पडला. आईंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, वाटलं हात निसटला. पण तो हात पुन्हा वर आलाच नाही. उजवं अंग गेलं आणि त्याबरोबर वाचा गेली. डोकं शाबूत होतं, कान शाबूत होते, डोळ्यांत सगळं दिसायचं. पण मनातला शब्द तोंडापर्यंत येण्याची वाट तुटली होती. लिहिणंही गेलं.

इस्पितळातून आणल्यावर त्यांची खाट पुढच्या खोलीत खिडकीशी लावली. खिडकीसमोर पत्र्याची शेड आणि शेडमध्ये आमची व्हॅन, नाक खिडकीकडे करून. मधे फार तर दहा पावलं. डॉक्टरांनी लेकीला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "असे पेशंट फार उदास होतात. जगण्यात राम नाही असं बोलू लागतात. लक्ष ठेवा." लेकीने हे मनात घट्ट धरून ठेवलं. जरा जास्तच घट्ट.

गाडी आता ती चालवू लागली. वडिलांनीच शिकवली होती, त्यामुळे हात साफ होता. सकाळी चौदा मुलं न्यायची, दुपारी चौदा मुलं आणायची. मंगळवारी आणि शुक्रवारी मधलं सीट काढून, फळी लावून ती वडिलांची चाकांची खुर्ची आत चढवायची आणि त्यांना एका बाईंकडे न्यायची. त्या बाई गेलेलं बोलणं परत शिकवायच्या. ही खुर्ची रिक्षात मावत नव्हती, बाईंचं ठिकाण लांब होतं. व्हॅन होती म्हणून जमत होतं.

सहा महिन्यांत मिस्त्रींना वीसेक शब्द आले. आधी 'पाणी'. मग 'नको'. मग 'ये', 'बस', 'आहे', 'नाही'. लेकीला हाक मारता आली त्या दिवशी ती गाडी चालवताना सगळा रस्ता रडत होती आणि आरशातून बापाकडे बघून हसत होती. बाईंनी मात्र बजावलं होतं, "हे शब्द अजून कच्चे आहेत. रोज वापरलेत तर टिकतील. वापर थांबला की जातील, आणि मग परत यायची खात्री मी देत नाही."

आता चूक कुठे झाली ते सांगते. चूक म्हणायला जीभ रेटत नाही, कारण ती मायेपोटी झाली.

खिडकीतून गाडीचा गंज बघून मिस्त्री कष्टी व्हायचे. शाळेला सुट्टी लागली तेव्हा लेकीने गाडी रंगवायला टाकली. रंगाचा कागद बापाला दाखवला, त्यांनी डाव्या हाताचं बोट निळ्यावर ठेवलं. रंगारी मोठा नेकीचा माणूस. वरवर फवारा मारून मोकळा होणारा नव्हता. त्याने एकेक वस्तू सोडवली, मलाही सोडवलं. सांगाडा घासून त्याला जाड निळ्या रंगाचे दोन हात दिले. मी बसते त्या जागेलाही दिले. आणि रंग पुरता वाळायच्या आत मला त्यावर बसवून बोल्ट करकचून आवळला. माझ्या आणि लोखंडाच्या मधे रंग आला. रंगातून वीज जात नाही, मित्रांनो. उरला फक्त बोल्ट. त्याच्या आट्यांमधून जेमतेम वाट राहिली.

लेकीने निळी चकचकीत गाडी खिडकीसमोर आणून हॉर्न वाजवला. मिस्त्री अर्ध्या चेहऱ्याने हसले, "छान" म्हणाले. तो एकविसावा शब्द. मी आतून ओरडत होते की माझ्याखाली रंग आहे, मला काढा. पण मला कुठलं तोंड?

दोन महिने त्या बोल्टने निभावलं. मग त्याच्या आट्यांत गंज चढला. सेल मारला, म्हणजे इंजिन चालू करायला किल्ली फिरवली, की ते जड जड फिरू लागलं. घरात कुणाच्या लक्षात आलं नाही. खिडकीतले डोळे मात्र दर सकाळी बॉनेटवर खिळू लागले. आवाजावरून गाडीची नाडी ओळखणारा माणूस तो.

एका सोमवारी लेकीने किल्ली फिरवली आणि आवाज आला, टक. फक्त टक. पुन्हा फिरवली, टक. समोरचे दिवे चालू होते आणि ते लखलखीत जळत होते. टक झालं तरी जरासुद्धा मंद झाले नाहीत. इथे सगळी गोम होती. बॅटरी थकलेली असती तर सेल मारताना दिवे मंदावले असते. दिवे तसेच राहिले, म्हणजे बॅटरी ठणठणीत आहे, पण वीज इंजिनाकडे जायलाच तयार नाही, कारण परत यायला वाट नाही. मिस्त्रींना हे दहा पावलांवरून दिसलं. त्यांनी डावा हात उचलला आणि म्हणाले, "दिवे. दिवे."

आईंनी खोलीतला दिवा लावला.

"नको," मिस्त्री म्हणाले. "दिवे."

आईंनी दिवा बंद केला. मग पंखा लावून बघितला. मग शेजारून टॉर्च आणून हातात दिली. मिस्त्रींनी टॉर्च छातीवर ठेवली आणि डोळे मिटून घेतले. डोळ्यांतून पाणी येत होतं. ही खोलीतली हकीकत मला नंतर कळली. लेक आता माझ्याशी बोलते, तेव्हा एकेक सांगते.

मेकॅनिक आला. तो वाईट नव्हता, घाईत होता. त्याने नवी बॅटरी टाकली. नव्या बॅटरीने रेटून दोन दिवस गाडी चालवली, तिसऱ्या दिवशी पुन्हा टक. मग त्याने सेल्फ स्टार्टर उतरवून साफ केला. त्या खटाटोपात मी जरा हलले, बोल्टला कुठेतरी लोखंड लागलं, गाडी एक दिवस चालली. पुन्हा टक. वीज बिचारी मिळेल त्या वाटेने घरी यायला बघत होती. अ‍ॅक्सिलरेटरची बारीक केबल इंजिनाला आणि सांगाड्याला दोन्हीकडे लागते, तिच्यातून ती चोरून येऊ लागली. ती केबल तापून लाल झाली, तिचं आवरण जळालं. मेकॅनिक म्हणाला, "ताई, हिचं सगळं वायरिंग कुजलंय. आता ही केबल जळाली, उद्या गाडी जळेल. मुलं बसतात हिच्यात. ऐका माझं, दुसरी बघा." मुलांचं नाव निघाल्यावर लेकीचा चेहरा उतरला.

त्याच दिवशी मेकॅनिक शेडमध्ये असताना ती खिडकीशी गेली आणि तिने बापाला विचारलं, "बाबा, काय झालं असेल हो हिला?"

किती दिवसांनी कुणी त्यांना त्यांच्या कामाचं विचारलं होतं. मिस्त्रींनी सगळं बळ एकवटलं. वर्षानुवर्षं नळावर धुऊन टाकलेला शब्द त्यांनी कुठून कुठून ओढून आणला.

"अर्थ," ते म्हणाले. "अर्थ नाही."

लेकीला डॉक्टर आठवले. तिला वाटलं, बापाला जगण्यात काही अर्थ उरला नाही असं म्हणायचं आहे. मित्रांनो, तिला दोष देऊ नका. तिच्या जागी तुम्ही असता तर तुम्हाला काय ऐकू आलं असतं? तिने त्यांचा हात हातात घेतला. म्हणाली, "असं नाही बोलायचं बाबा. आम्ही आहोत ना."

मिस्त्रींनी जोरजोरात मान हलवली. "नाही. अर्थ. अर्थ नाही." आणि डाव्या हाताने खाटेच्या कडेवर एक थाप मारली.

त्या दिवसापासून ते दिवसातून वीस वेळा तेच म्हणू लागले. जेवताना, अंग पुसताना, मध्येच झोपेतून उठून. दुसरे शब्द त्यांनी सोडूनच दिले, सगळी ताकद ह्या दोन शब्दांवर लावली. आई स्वयंपाकघरात जाऊन रडायच्या. म्हणायच्या, "काय कमी केलं गं आपण ह्यांचं?" बाईंकडे जाणं बंद पडलं होतं, कारण गाडीच बंद होती. बाईंनी ओळखीतल्या कुणाच्या हाती चित्रांची वही पाठवली, ती उशाशी पडून राहिली. लेक चौदा मुलांच्या घरी फोन करून माफी मागत होती. मुलं एकेक करून दुसऱ्या व्हॅनला गेली.

मिस्त्रींनी आणखी एक प्रयत्न केला. एकदा पाटी मागून घेतली, म्हणजे पाटीकडे बोट करत राहिले तेव्हा आईंनी दिली. डाव्या हाताने त्यांनी एक उभी रेघ ओढली. तिच्याखाली तीन आडव्या रेघा, एकीपेक्षा दुसरी लहान. वायरिंगच्या नकाशात अर्थची खूण हीच असते. आईंना त्यात जमिनीखाली उतरत जाणाऱ्या पायऱ्या दिसल्या. त्यांनी तळहाताने पाटी पुसली आणि कपाटावर ठेवून दिली. आणि मिस्त्री सारखं खिडकीबाहेर गाडीकडे हात करतात, गाडी बघून त्यांना त्रास होतो, असं समजून पडदाही ओढून घेतला.

पडदा ओढल्यावर मला खिडकीतले ते डोळे दिसेनासे झाले. एवढ्या घरात दोघांनाच खरं ठाऊक होतं. एक मी आणि एक ते. मला तोंड नव्हतं आणि त्यांच्या तोंडावर कुणाचा विश्वास नव्हता.

मग ती दुपार आली. लेकीने गाडी भंगारात द्यायचं ठरवलं होतं. सकाळपासून कामासाठी उन्हातान्हात वणवण करून ती घरी आली, चपला काढल्या, आणि आतून आवाज आला, "अर्थ नाही." तिचा तोल गेला. ती खाटेशी जाऊन उभी राहिली आणि मोठ्या आवाजात म्हणाली, "बास झालं बाबा. मी कुणासाठी मरमर करते आहे? माझ्या गळ्याची शपथ आहे तुम्हाला, हा शब्द पुन्हा काढायचा नाही."

मिस्त्रींनी तिच्याकडे बघितलं. मग हळूच मान हलवली, बरं म्हणाल्यासारखी.

तंबाखूची शपथ ज्याने पंधरा-सोळा वर्षं पाळली, तो ही का मोडेल? तो शब्द त्यांनी पुन्हा काढला नाही. त्याच्याबरोबर बाकीचेही काढले नाहीत. पाणी हवं असलं तरी पेल्याकडे बघत राहायचे. घर शांत झालं. आईंना वाटलं, बरं झालं, सावरले. असे वीस-एकवीस दिवस गेले.

गाडी न्यायला टोचनवाला आला, म्हणजे बंद गाड्या ओढून नेणारा. पांढऱ्या मिशांचा, पोट सुटलेला म्हातारा, तोंडाने अखंड बडबड चाललेली. साखळी बांधायच्या आधी, का कोण जाणे, सवयीने म्हणा, तो आत बसला आणि त्याने दिवे लावून किल्ली फिरवली. टक. त्याने दिव्यांचा समोरच्या भिंतीवर पडलेला उजेड बघितला. पुन्हा फिरवली. टक. उजेड हलला नाही. तो खाली उतरला.

"बाई," तो म्हणाला, "हिला अर्थच नाही."

लेकीला ते झोंबलं. "माहीत आहे," ती म्हणाली. "म्हणूनच तर भंगारात देते आहे. न्या मुकाट्याने."

"अहो, तसं नाही. अर्थ नाही म्हणतोय मी. अर्थ. बॅटरीचा अर्थ इंजिनाला मिळत नाही." तो आपल्या गाडीतून जंपर वायर घेऊन आला. तिचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला लावलं, दुसरं थेट इंजिनाच्या उघड्या लोखंडाला चिमटलं. "आता मारा सेल."

तिने किल्ली फिरवली. इंजिन पहिल्या झटक्याला सुरू झालं.

टोचनवाला खूश होऊन बोलतच होता. "जुनी माणसं हेच आधी बघायची, बाई. रंग दिलाय ना नुकताच? पट्टीखाली रंग गेला असणार. पाच मिनिटांचं काम. कुणी सांगितलं नाही का तुम्हाला?"

लेक स्टिअरिंग धरून बसली होती. मग ती गाडी तशीच चालू सोडून उतरली आणि घरात धावली. तिने पडदा बाजूला ओढला. निळी गाडी समोर घरघरत होती. मिस्त्रींनी मान वळवली, आवाज ऐकला, आणि त्यांचा अर्धा चेहरा उजळला.

"बाबा," तिने त्यांचे पाय धरले. "तुम्ही गाडीचं सांगत होतात. रोज सांगत होतात. मी ऐकलं नाही. सुटली बाबा, माझी शपथ सुटली. बोला आता. म्हणा ना, अर्थ म्हणा."

मिस्त्रींनी तोंड उघडलं. ओठ हलले, गळ्याची शीर ताणली गेली. "अ," एवढंच आलं. पुन्हा प्रयत्न केला. ह्या वेळी 'अ' सुद्धा आला नाही. नुसता श्वास आला. त्यांनी तिच्याकडे बघितलं आणि तिच्या डोक्यावर डावा हात ठेवला. वाट बुजली होती.

पुढच्या मंगळवारी ती त्यांना बाईंकडे घेऊन गेली, शुक्रवारीही. एक मंगळवार चुकवला नाही. बाईंनी पुष्कळ केलं. पण 'पाणी' आलं नाही, 'ये' आलं नाही, लेकीची हाकसुद्धा आली नाही. एकही शब्द परत आला नाही.

टोचनवाल्याने मला सोडवलं होतं. करकचून आवळल्यामुळे आणि तापल्यामुळे माझ्या अर्ध्या तारा तुटल्या होत्या. त्याने माझ्या जागी नवी पट्टी बसवली, खालचा रंग खरवडून, आणि मला लेकीच्या हातात देत म्हणाला, "ही टाकून द्या." तिने मला उलटं करून बघितलं. माझ्या डोळ्याला निळा रंग चिकटला होता, तिने बापाला आवडावा म्हणून दिलेला. तिने मला टाकलं नाही. मला नेऊन मिस्त्रींच्या डाव्या तळहातावर ठेवलं.

त्यांनी मला लगेच ओळखलं. अंगठ्याने चाचपलं आणि अंगठ्याच्या नखाने तो रंग खरवडायला सुरुवात केली. रोज थोडा थोडा. गाडी गेली की खरवडायचे, परत आली की थांबून आवाज ऐकायचे. चार महिन्यांत माझा तो डोळा त्यांनी पुन्हा उघड्या तांब्यावर आणला, जवळजवळ सगळा. एका कडेला नखाएवढा निळा राहिला. तेवढा राहिला आणि ते गेले. लेकीने त्यांची मूठ सोडवली तेव्हा मी आत होते. मला त्या मुठीतून निघायचं नव्हतं.

मित्रांनो, माझ्यासारख्या पट्ट्या तुमच्या दारातल्या गाडीतही आहेत. वर्षातून एकदा त्यांना घासायला सांगा, एवढं मागायचा मला हक्क आहे. पण मला आणखी एक मागायचं आहे. तुमच्या घरात कुणी म्हातारं, आजारी माणूस एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत असेल, तर त्याला गप्प करण्याआधी एकदा उठा. तो हात करतो आहे तिकडे जा. बॉनेट उघडून बघा. तुम्हाला ऐकू आलेला अर्थ आणि त्याच्या मनातला अर्थ एक नसेलही. आणि रागाच्या भरात कुणाला शपथ घालू नका. काही माणसं ती पाळतात.

चौदापैकी अकरा मुलं आता परत आली आहेत. लेक वर्षातून एकदा पोतं अंथरून गाडीखाली शिरते, नव्या पट्टीला सोडवते, घासते, व्हॅसलीन लावते. निघताना "बस आता निवांत" असंही म्हणते. हे तिला कुणी सांगितलं, मला ठाऊक नाही. लहानपणी कधीतरी कानावर पडलं असेल. रोज सकाळी ती किल्ली फिरवते, गाडी पहिल्या झटक्याला चालू होते, आणि तिची नजर सवयीने खिडकीकडे जाते. खिडकीत मी असते.